पहिला तास : गोणपाट आणि दीड दिवस

प्रवेशाच्या याद्या लागल्या की आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत दरवर्षी एकच विषय निघतो. पहिल्या तासाला मुलांना वर्गात गुंतवायचे कसे? कोणी म्हणतो, पहिल्या दिवशी शिकवूच नये, गप्पा माराव्यात. कोणी म्हणतो, एखादा शेर ऐकवावा, विनोद सांगावा. उद्बोधन वर्गांतून तर आम्हाला यासाठी खेळच शिकवले जातात. त्यांना 'आइस-ब्रेकर' म्हणतात. वर्गातला बर्फ फोडायचा. माण-खटावची आणि जत-आटपाडीची पोरे ज्या वर्गात येऊन बसतात, तिथे हा बर्फ कुठून येतो, हे मला अजून कळलेले नाही.

यातला सर्वांचा आवडता खेळ म्हणजे 'स्वतःची ओळख करून द्या'. प्रत्येकाने उभे राहायचे. नाव, गाव, वडील काय करतात, बारावीला किती टक्के, पुढे काय व्हायचे आहे. पाच प्रश्न आणि साठ मुले. एवढ्यात तास संपतो. शिक्षकाला वाटते, वर्ग मोकळा झाला.

या लेखात मला या खेळाची समीक्षा करायची आहे. मी शिक्षणशास्त्राची अभ्यासक नाही. मी मराठी शिकवते; साहित्य वाचणे आणि वाचायला शिकवणे हे माझे काम. तेव्हा 'शिक्षणाचा पहिला दिवस' हा एक मजकूर आहे असे धरून मी तो वाचणार आहे. आमच्या भागात हा मजकूर दोन थोर माणसांच्या आयुष्यात लिहिला गेला आहे, आणि आपण तो आजवर चुकीचा वाचत आलो, असे माझे मत आहे. एक पहिला दिवस सातारा शहरातला, १९०० सालचा. दुसरा वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी ही दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यात होती. म्हणजे हे दोन पहिले दिवस एकाच जिल्ह्यातले आहेत.

१

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधील क्रमांक १९१४. नाव भिवा रामजी आंबेडकर. ही नोंद जपली गेली आहे. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून शाळा-कॉलेजांत त्या दिवशी भाषणे होतात, निबंध लिहून घेतले जातात. विषय ठरलेला असतो : बाबासाहेबांची जिद्द, बाबासाहेबांचा अभ्यास, बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम.

याच शाळेबद्दल स्वतः बाबासाहेबांनी लिहिलेल्या आठवणी आहेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाचे ते छोटे लेखन त्यांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्यात जिद्दीचे वर्णन नाही. त्यात वर्गातल्या जागेचे आणि पाण्याचे वर्णन आहे. इतर मुलांपासून वेगळे, एका कोपऱ्यात, स्वतःच्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसायचे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावणार नाही, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहायचे.

येथे दोन कागदपत्रे आपल्यासमोर आहेत, असे मी म्हणेन. एक रजिस्टर आणि दुसरे गोणपाट. रजिस्टर सांगते की या मुलाला शाळेने घेतले. गोणपाट सांगते की कुठपर्यंत घेतले. रजिस्टरवर शाळेची शाई आहे. गोणपाट मात्र मुलाने घरून आणलेले आहे. वेगळे बसवण्याचा खर्चसुद्धा व्यवस्थेने त्याच्याच घरावर टाकलेला आहे! रजिस्टर उरले आणि गोणपाट उरले नाही, यात नवल नाही. संस्था आपल्या दप्तरात स्वतःच्या उदारपणाची नोंद ठेवते, अपमानाची नोंद ठेवत नाही. ती नोंद ज्याचा अपमान झाला त्याला मोठे होऊन स्वतःच्या हाताने करावी लागते.

आणखी एक गोष्ट. इतर मुलांचा पहिला दिवस पहिल्या दिवशीच संपतो. दुसऱ्या दिवशी जागा ओळखीची होते, बाक आपला होतो. ज्याला रोज सकाळी काखेतले गोणपाट पुन्हा अंथरावे लागते, त्याचा पहिला दिवस संपतच नाही. तो रोज नव्याने शाळेत दाखल होतो. साताऱ्यातल्या त्या शाळेत हा मुलगा १९०४ पर्यंत शिकला. चार वर्षे चाललेला पहिला दिवस म्हणजे काय, याचा विचार विद्यार्थी दिवसाच्या भाषणांत होत नाही. त्या भाषणांत विद्यार्थी थोर ठरतो आणि शाळा निर्दोष सुटते. खरे तर ७ नोव्हेंबरला परीक्षा शाळेची व्हायला हवी.

२

आता वाटेगाव. १ ऑगस्ट १९२० रोजी तिथल्या मांगवाड्यात अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. शाळेशी त्यांचा संबंध किती, तर दीड दिवस. हे दीड दिवसाचे वाक्य महाराष्ट्रात आज कोणाला माहीत नाही?

मला ते वाक्य अगदी लहानपणापासून पाठ आहे. आमच्या वस्तीत दर १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या फोटोला हार घातला जाई. मी चौथीत असताना त्या फोटोसमोर पहिले भाषण केले. वडिलांनी एका कार्यकर्त्याकडून लिहून आणलेले. त्यात होते की केवळ दीड दिवस शाळेत गेलेल्या या माणसाने एवढे मोठे साहित्य लिहिले. त्या वाक्याला टाळ्या पडत. पुढे दरवर्षी भाषण बदलले, वाक्य तेच राहिले आणि टाळ्याही त्याच जागी पडत राहिल्या.

आज त्या टाळ्यांची मला भीती वाटते. का, ते सांगते.

'दीड दिवस' हे वाक्य आपण अण्णाभाऊंच्या गौरवासाठी वापरतो. शाळा एवढीशी, साहित्य एवढे मोठे. मुंबईत कामगारांच्या सोबतीत राहून त्यांनी अक्षरे कमावली, लाल बावटा कलापथकातून शाहिरी केली, तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ साली आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. हे सर्व खरे आहे. पण शाळेचा अवधी आणि साहित्याचा ढीग एवढेच दोन आकडे समोर ठेवले की मधली सगळी मेहनत गळून पडते. गिरणगावातले कष्ट, माटुंग्याच्या लेबर कॅम्पमधले दिवस, चळवळीने दिलेले वाचन, हे सारे बाजूला राहते आणि 'उपजत प्रतिभा' हा शब्द पुढे येतो. पांढरपेशा समीक्षेला हा शब्द फार सोयीचा आहे. प्रतिभा उपजत म्हटली की शिक्षण नाकारल्याचा हिशेब द्यावा लागत नाही.

दुसरे असे की, 'अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले' या वाक्याचा कर्ता अण्णाभाऊ आहेत. मराठीची शिक्षिका म्हणून मी मुलांना सांगते, कर्ता बदलून पाहा. 'शाळा या मुलाला दीड दिवससुद्धा सांभाळू शकली नाही.' आता टाळी पडेल का? घटना तीच आहे, लाज मात्र आता ज्याची त्याच्या पदरात पडली. अपमानाची वागणूक सोसत बसण्यापेक्षा त्या मुलाने पाठ फिरवली. साताऱ्याच्या मुलाने चार वर्षे गोणपाट वाहिले, वाटेगावच्या मुलाने दीड दिवसात नकार दिला. एकाच व्यवस्थेला दोन मुलांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत. एकाला जिद्द म्हणायचे आणि दुसऱ्याला चमत्कार म्हणायचे, आणि प्रश्न विचारणारी व्यवस्था मात्र वर्णनातून गाळायची, ही आपल्या वाचनातली चूक आहे.

आणि ही चूक आपल्याच घरात शिरलेली आहे. आमच्या वस्तीतला एक पोरगा दहावीला नापास होऊन बँडपथकात गेला. त्याला पुन्हा परीक्षेला बस म्हणून सांगायला मी गेले, तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, अण्णाभाऊ कुठं शिकले होते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या वाक्यावर मी टाळ्या घेतल्या होत्या, तेच वाक्य त्याने मला परत दिले होते. जे वाक्य शाळेला दोषी ठरवण्यासाठी वापरायचे, ते आपण शाळा सुटलेल्या पोरांचे समाधान करण्यासाठी वापरले, आणि त्यांना शाळेबाहेर ठेवणाऱ्यांचे काम सोपे करून दिले.

३

शाळेचा पहिला दिवस मराठी साहित्यात दोन बाजूंनी आलेला आहे. शिक्षकाच्या बाजूने आणि विद्यार्थ्याच्या बाजूने.

शिक्षकाच्या बाजूने वाचायची तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही १९५५ सालची कादंबरी आमच्याच माणदेशातली आहे. औंध संस्थानच्या अमलातला एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर रुजू होतो. शाळा आहे, पण मुले नाहीत. ती मेंढरांमागे रानात आहेत. मास्तरला आधी वाडीच्या सुखदुःखात उतरावे लागते, कारभाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो, लोकांची कागदपत्रे आणि पैशाअडक्याची कामे करून द्यावी लागतात, तेव्हा कुठे शाळा भरू लागते. शिक्षकाने पहिल्या दिवशी वाडीची परीक्षा घ्यायची नसते, वाडी त्याची परीक्षा घेत असते, एवढे शहाणपण या कादंबरीत निश्चित आहे. ते आमच्या उद्बोधन वर्गांत आढळत नाही.

परंतु ही बाजू पुरेशी नाही. बनगरवाडीच्या मास्तरपुढचा प्रश्न असा की शाळा आहे आणि मुले गैरहजर आहेत. दलित आत्मकथनांत मूल हजर असते; शाळाच त्याच्यासाठी गैरहजर असते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (१९८०) फलटण भागातल्या कैकाडी कुटुंबातला मुलगा येतो. गाढवांवर संसार, आज या गावी तर उद्या त्या गावी, आणि तरी बापाचा हट्ट की पोराने शिकावे. अशा मुलाला शाळा पुन्हा पुन्हा नवखी होते आणि दर वेळी त्याला आपण कोण हे नव्याने सिद्ध करावे लागते. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (१९८१) आटपाडीच्या तराळाचा मुलगा शिकत शिकत मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत गेलेला दिसतो. शीर्षकातल्या त्या छोट्या आडव्या रेघेत किती मैलांची वाट आहे, हे गावकामगाराच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल.

मला सर्वांत जास्त शिकवले ते बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ने (१९८६). फलटणच्या शाळेतल्या त्यांच्या आठवणींत वेगळे बसवणे आहे, नाके मुरडणे आहे, पण एकटेपण नाही. वस्तीतल्या मुली मिळून शाळेत जातात. कोणी टाकून बोलले तर मिळून उत्तर देतात, भांडतात. बाबासाहेबांची चळवळ त्यांच्या पाठीशी उभी आहे, हे त्या पोरींना ठाऊक आहे. साताऱ्याचा मुलगा कोपऱ्यात एकटा होता, वाटेगावचा मुलगाही एकटा होता. फलटणच्या मुली एकट्या नव्हत्या, म्हणून त्यांचा पहिला दिवस शाळेत जखम करीत असला तरी त्यांना शाळेबाहेर फेकू शकला नाही.

या वाचनातून मला एक सूत्र मिळाले. मुलाला वर्गात गुंतवणे म्हणजे त्याचे मन रमवणे, असे आपण समजतो. त्याआधीचा प्रश्न असा की त्याला वर्गात कोणत्या जागेवर बसवले आहे आणि त्या जागेवर तो एकटा आहे का? या प्रश्नाचे उत्तर नीट नसेल तर शिक्षकाचा विनोद, शेर, खेळ, सारे फुकट आहे. कोपऱ्यात बसलेल्याला विनोद ऐकू येतो, पण हसण्यात तो सामील नसतो.

४

हे सूत्र प्रत्यक्षात आणणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले, अस्पृश्य मुलांसह, एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीला जेवत. ज्या शहरात २४ वर्षांपूर्वी एक मुलगा पाण्यासाठी शिपायाची वाट पाहत होता, त्याच शहरात ही पंक्त बसली. तिथल्या नव्या मुलाची ओळख त्याला उभे करून विचारलेल्या प्रश्नांतून होत नव्हती. ती कामातून होत होती : कोण पाणी आणतो, कोण भाकरी थापतो. त्याच वेळी काल्यापासून फार लांब नसलेल्या वाटेगावात मात्र गावची शाळा जशी होती तशीच होती. चांगले वसतिगृह एका शहराला उजळते. गावोगावच्या शाळेचा अंधार त्याने आपोआप जात नाही, हेही यातून शिकायचे आहे.

दुसरे उदाहरण थेट कॉलेजच्या वर्गाचे आहे आणि ते पुन्हा बाबासाहेबांचेच आहे. साताऱ्याच्या रजिस्टरात नाव लागल्यानंतर बरोबर १८ वर्षांनी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आता ते खुर्चीच्या या बाजूला होते. धनंजय कीर यांनी चरित्रात लिहिले आहे की सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या अस्पृश्य प्राध्यापकाची फारशी पर्वा केली नाही. हा काय शिकवणार, असाच भाव. पण त्यांची व्याख्याने सुरू झाली तशी त्या तयारीने मुले ओढली गेली. इतर कॉलेजांतले विद्यार्थीसुद्धा परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. आणि त्याच काळात प्राध्यापकांच्या खोलीत ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

हा प्रसंग दोन्ही अंगांनी वाचला पाहिजे. वर्ग कशाने जिंकला गेला? तयारीने. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये उपाशीपोटी केलेल्या वाचनाने. समोरच्या विद्यार्थ्यांना त्यांनी गंभीर मानले, त्यांच्या बुद्धीला पूर्ण खुराक दिला. हे पहिले. आणि वर्ग जिंकला तरी पाणी जिंकता आले नाही, हे दुसरे. साताऱ्यात शिपायाच्या हातातले पाणी होते, मुंबईत सहकाऱ्यांच्या भांड्यातले. म्हणून ज्या शिक्षकाला वाटते की चांगले शिकवले की झाले, जातीचा प्रश्न वर्गाबाहेरचा आहे, त्याने सिडनहॅमचा हा प्रसंग दोनदा वाचावा.

५

आता माझ्याकडे वळते. कारण दुसऱ्यांच्या पहिल्या दिवसाची समीक्षा करून स्वतः सुटण्याचा मला अधिकार नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझा कॉलेजातला पहिला तास मला शब्दन् शब्द आठवतो. शिकवायला आलेले सर भले माणूस होते. त्यांनी हसत हसत ओळखीचा खेळ सुरू केला. मी मागून दुसऱ्या बाकावर होते. माझी पाळी येईपर्यंत ४० जण बोलले : शेती, शिक्षक, दुकान, साखर कारखान्यात क्लार्क, शेती, शेती. माझे वडील हंगामात ऊस तोडायला जात आणि लग्नसराईत हलगी वाजवत. मी उभी राहिले आणि म्हणाले, "शेती." एक शब्द. पुढे आठवडाभर शेजारची मुलगी विचारत राहिली, किती एकर, कोणते पीक, विहीर आहे का? त्या एका शब्दाची मशागत मला तीन वर्षे करावी लागली. सरांनी काय शिकवले ते आठवत नाही. पहिल्या तासाला मी खोटे बोलायला शिकले, हे आठवते.

आणि मी काय केले? मी प्राध्यापक झाले आणि पहिली दोन वर्षे तोच खेळ खेळले. गुलाम सवयीने मालकाचीच भाषा बोलतो, तसे. तिसऱ्या वर्षी एक मुलगी उभी राहिली. नाव सांगितले, गाव सांगितले आणि खाली बसू लागली. मी म्हणाले, "आणि वडील?" ती थांबली. सगळा वर्ग मागे वळला. ती म्हणाली, "नाहीत." पुढे महिनाभराने शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी ती एका माणसाला घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभी होती. हातात उत्पन्नाचा दाखला, खांद्यावर टॉवेल. "हे माझे वडील," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितले नाही. माझ्या एका प्रश्नाने त्या पोरीला भर वर्गात जिवंत बापाला नाही म्हणावे लागले होते.

मराठीत 'ओळख' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोन माणसे एकमेकांना भेटतात ती ओळख. आणि पोलीस पाटलाने मुडद्याची पटवायची ती ओळख. पहिल्या तासाचा खेळ पहिल्या अर्थाच्या नावाने सुरू होतो आणि दुसऱ्या अर्थाने संपतो. आडनाव कळले, गाव कळले, बापाचा धंदा कळला. यापुढे जात विचारायची गरज उरते का? विचारणारा निष्पाप असेल, वर्ग निष्पाप नसतो. पहिल्याच दिवशी साठ जणांना साठ जणांचा पत्ता लागतो आणि दुसऱ्या दिवसापासून बाकांची वाटणी होते. गोणपाट दिसत नाही, एवढेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली नवागत विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी एक कार्यक्रम आखून दिला. त्याचे नाव 'दीक्षारंभ'. दीक्षा हा शब्द ऐकला की आपल्यासमोर १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर उभे राहते. तिथे दीक्षा घेणाऱ्याला कोणी उभे करून चौकशी केली नव्हती. तो स्वतःहून आला होता आणि २२ प्रतिज्ञा त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. शिक्षणाचा आरंभ दीक्षेने व्हायचा असेल तर बोलणारा विद्यार्थी पाहिजे, जबाब देणारा नव्हे.

गेली काही वर्षे मी पहिल्या तासाला जे करते ते सांगते. त्यात काही मोठा शोध नाही. मी ओळख विचारत नाही. फळ्यावर तीनच ओळी लिहिते : '७ नोव्हेंबर १९००. क्रमांक १९१४. भिवा रामजी आंबेडकर.' आणि विचारते, या नोंदीत काय लिहिलेले नाही? सुरुवातीला शांतता असते. मग कोणीतरी म्हणते, तो कुठे बसला ते नाही. कोणी म्हणते, डब्यात काय होते ते नाही. त्याला भीती वाटली का ते नाही. मित्र होता का ते नाही. एका मुलाने विचारले होते, "मॅडम, त्याच्या शेजारी बसायला कोण तयार झालं असतं, ते नाही." फळा भरतो. मग मी त्या शाळेबद्दल बाबासाहेबांनी काय लिहून ठेवले ते सांगते. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने एक कागद घ्यायचा आणि आपल्या प्रवेशअर्जात जे विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते, ते लिहायचे. नाव घालायचे नाही. वाचून दाखवायचे नाही. कागद आपल्यापाशीच ठेवायचा. ज्याला द्यावासा वाटेल त्याने वर्ष संपेपर्यंत केव्हाही द्यावा.

बहुतेक कागद माझ्याकडे येत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण मुले लिहितात. मान खाली घालून, घंटा झाली तरी लिहितात. वर्ग गुंतला आहे हे ओळखायला मला दुसरी खूण लागत नाही. साहित्य म्हणजे काय, हेही त्याच तासाला शिकवून होते. रजिस्टर जे लिहीत नाही ते लिहिणे, एवढीच माझी व्याख्या आहे.

दोन लहान गोष्टी आणखी. शिष्यवृत्तीची सूचना घेऊन शिपाई वर्गात आला आणि 'मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी उभे राहा' असे झाले, तर ते गोणपाटच आहे. मी ती सूचना सर्व शिष्यवृत्त्यांची मिळून एकच करून बोर्डावर लावून घेते. आणि पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्याला मी दारात थांबवत नाही. तो बेशिस्त आहे की त्याच्या वाडीची पहिली एस.टी.च उशिराची आहे, हे मला पहिल्या दिवशी माहीत नसते.

यावर दोन आक्षेप येतात. एका सहकाऱ्याने विचारले, "पहिल्याच दिवशी जातीचा विषय कशाला? मुले विसरायला आली आहेत." आमच्या चळवळीतला एक तरुण मित्रही जवळजवळ हेच म्हणाला : पोरांना एक दिवस तरी नुसते विद्यार्थी होऊ द्या. या दुसऱ्या आक्षेपाची मी मनापासून कदर करते. त्यामागे दुखावलेले मन आहे. पण विसरण्याची मुभा सर्वांना सारखी नसते. 'वडील काय करतात' या प्रश्नाचे उत्तर ज्याला सहज देता येते तो जात विसरू शकतो. ज्याला उत्तर शोधावे लागते त्याला विसरता येत नाही. मी जात वर्गात आणत नाही. ती हजेरीपटातून आधीच आलेली असते. मी फक्त एका मुलाला एकट्याने दिलेला जबाब काढून घेते आणि साठ जणांनी मिळून विचारलेला प्रश्न त्या जागी ठेवते. तो प्रश्न विचारताना पाटलाचा मुलगा आणि आमचा मुलगा शेजारी शेजारी बसून एकाच फळ्याकडे बघत असतात. याहून अधिक काही एका तासात साधते, असा माझा दावा नाही. दुसऱ्या दिवशी बाकांची वाटणी पुन्हा होते. ती मोडण्यासाठी वर्षभर शिकवावे लागते, आणि त्यासाठी सिडनहॅमच्या प्राध्यापकाइतकी तयारी लागते. ती आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

साताऱ्याच्या शाळेत ते गोणपाट उचलायला नोकर तयार नव्हता, आणि त्यासाठी मास्तरांपैकी कोणी पुढे झाले, असेही त्या आठवणींत दिसत नाही. नऊ वर्षांच्या मुलाने ते स्वतः घडी घालून काखेत घेतले आणि घरची वाट धरली. या त्रैमासिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. आपापल्या वर्गातले गोणपाट कोणते, हे प्रत्येकाने येत्या वर्षाच्या पहिल्या तासाला शोधावे आणि या वेळी ते आपल्या हाताने उचलावे. जे सापडेल ते इथे लिहावे.